मुशी आणि पाकट
(इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांसाठी निरीक्षणपाठ)

वरच्या इयत्तांना ‘मासा’ हा पाठ शिकविताना बहुधा रोहू किंवा कटला यांचे चित्र फळ्यावर काढले जाते आणि अंगावरील खवले, कल्ल्यांवरील झाकण व पोटातील वाताशय ही माशाची लक्षणे म्हणून मुलांकडून वहीत उतरवून घेतली जातात. देशावरील शाळेत हा पाठ निर्विघ्न पार पडतो. किनाऱ्यावरील शाळेत मात्र कोळ्याचा, गाबिताचा किंवा दालद्याचा एखादा मुलगा हटकून उभा राहतो आणि विचारतो, “गुरुजी, मुशीला खवले कुठे असतात? पाकटाला कल्ल्याचे झाकण कुठे असते?” प्रश्न रास्त आहे. मुशीच्या अंगावर रोहूसारखे खवले नसतात, पाकटाच्या कल्ल्यांवर झाकण नसते, आणि वाताशय तर दोहोंपैकी एकालाही नसतो. तरीही दोन्ही मासेच होत. अशा वेळी मुलाला खाली बसविण्यापेक्षा त्याच्याच घरच्या टोपलीतील हे दोन मासे वर्गात आणवून त्यांचा पाठ घ्यावा, हे अधिक श्रेयस्कर होय.

प्रथम नावांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘मुशी’ हे नाव कोकणात अनेक लहान शार्क माशांना सरसकट लावले जाते. मालवणकडे ‘मोरी’ म्हणतात. ‘पाकट’ हेही एकाच जातीचे नाव नव्हे. अंगाने चपट्या व शेपटीने चाबकासारख्या अशा कित्येक माशांना ते लागू पडते. तुलना नेमकी व्हावयाची तर जातीही नेमक्या घेतल्या पाहिजेत. म्हणून या पाठासाठी मुशींपैकी स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस ही आपल्या बाजारात नित्य दिसणारी, फावड्यासारख्या चपट्या लांब तोंडाची लहान मुशी घेतली आहे. आणि पाकटांपैकी पॅस्टिनॅकस सेफेन ही शेपटीच्या खालच्या बाजूस रुंद काळसर झालर असलेली मोठी जात घेतली आहे. ही मुशी महाविद्यालयीन प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही चांगलीच परिचित आहे, कारण भारतातील अनेक पिढ्यांनी शार्क माशाची शरीररचना याच जातीच्या विच्छेदनावरून अभ्यासली.

या दोन्ही शास्त्रीय नावांमागील इतिहास मुलांना गोष्टीसारखा सांगता येण्याजोगा आहे. मुशीचे वर्णन योहानेस म्यूलर व याकोब हेन्ले या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ साली केले. पाकटाचे वर्णन पेटर फॉर्सकॉल या निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर केले. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या अभ्यासमंडळात तो होता. १७६३ साली येमेनमध्ये त्याचा मृत्यू झाला आणि त्याची टिपणे त्याचा सहकारी कार्स्टेन नीबूर याने १७७५ साली प्रसिद्ध केली. मंडळातील बाकीचे सर्व सभासद एकामागून एक आजाराने दगावले; एकटा नीबूर तेवढा जिवंत परतला, आणि तो परतताना येमेनहून प्रथम आपल्या मुंबईस आला होता व तेथे वर्षाहून अधिक काळ राहिला होता.

नमुने मिळविणे

मासळी उतरते त्या वेळी बंदरावर गेल्यास मुशी सहज मिळते. ती डोल जाळ्यात व ट्रॉलच्या जाळ्यात नेहमी येते. पूर्ण वाढलेली मुशी पाऊण मीटरच्या आतच असते व बाजारात येणाऱ्या बहुतेक हातभर लांबीच्याच असतात, त्यामुळे एका लाकडी फळीवर ती नीट मावते. पाकटाचे तसे नाही. या जातीच्या अंगाची रुंदीच एक मीटरहून अधिक होते, म्हणून लहान वयाचा पाकट मागून घ्यावा. तो आणताना शेपटी शाबूत असेल तर शेपटीवरील काटा मच्छीमाराकडूनच कापून घ्यावा. मच्छीमार बहुधा पाकटाची शेपटी होडीतच तोडून टाकतात आणि तसे करण्यास सबळ कारण आहे. ते पुढे येईलच. शेपटी तुटलेली असल्यास फळ्यावर आकृती काढून ती उणीव भरून काढावी. कोणत्याही परिस्थितीत काट्यासह पाकट मुलांच्या हाती देऊ नये.

मासे उलटे करून पाहणे

दोन्ही मासे शेजारी शेजारी, पाठ वर करून ठेवले असता मुलांना त्यांच्यात साम्य असे काहीच दिसणार नाही. मुशी चातीसारखी, दोन्ही टोकांकडे निमुळती. पाठीवर दोन पर, त्यांपैकी पुढचा मोठा व बराच मागे सरकलेला. शेपटीचा वरचा भाग लांब व खालचा आखूड. पाकट म्हणजे एक गडद करडी चकती आणि तिला मागे जोडलेला लांब चाबूक. त्याच्या पाठीवर पर नाही, शेपटीच्या टोकास पंखा नाही. मुलांना हे दोन वेगळे प्राणीच वाटतील. शिक्षकांनी येथे काही सांगू नये. फक्त दोन्ही मासे पोट वर करून ठेवावेत.

मग दृश्य पालटते. दोघांचीही पोटाची बाजू पांढुरकी असते. दोघांचेही तोंड खालच्या बाजूस असते. दोघांनाही कल्ल्यांच्या जागी उघड्या फटी असतात, आणि त्या मोजल्या असता प्रत्येक बाजूस पाच भरतात. नमुने नर असतील तर दोघांच्याही मागच्या परांशी दोन बोटांसारखे अवयव दिसतात; मादीत ते नसतात, त्यामुळे नरमादी ओळखण्यास पोट चिरावे लागत नाही. आता मुलांना एवढेच विचारावे, की या पाच फटी कोठे आहेत? मुशीच्या फटी डोक्यामागे, अंगाच्या दोन्ही कडांना आहेत; पाकटाच्या फटी पूर्णपणे पोटाच्या बाजूस आहेत.

हीच या संपूर्ण पाठाची किल्ली होय. जगात शार्क माशांच्या पाचशेहून अधिक आणि पाकट व त्याच्या सोयऱ्यांच्या सहाशेहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्या सर्वांना ही एकच कसोटी लागू पडते : फटी कडेला असतील तर तो शार्क, फटी पोटाखाली असतील तर तो पाकटाच्या वंशाचा. आकार फसवितो, फटी फसवीत नाहीत. गिटारीसारख्या आकारामुळे गिटार मासा म्हणून ओळखला जाणारा मासा मागून अगदी मुशीसारखा दिसतो. त्याला पाठीवर पर असतात, जाड शेपटी असते, आणि तो पोहतोही मुशीसारखाच. परंतु उलटा केला की फटी पोटाखाली सापडतात. लांब करवतीसारखे तोंड असलेला करवत मासा शार्क म्हणून खपवला जातो. तोही पाकटाचाच भाऊबंद. उलटपक्षी, युरोपच्या समुद्रातील एंजल शार्क पाकटासारखा चपटा होऊन वाळूत पडून राहतो, परंतु त्याच्या फटी कडेलाच असतात.

या ओळखीला निव्वळ पुस्तकी महत्त्व आहे असे मानू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली व्हेल शार्क, करवत मासे आणि गिटार माशासारख्या दिसणाऱ्या एका जातीसह काही शार्क व पाकट समाविष्ट करण्यात आले. त्यांची शिकार व विक्री हा अपराध आहे. अनुसूची पुढे २०२२ च्या दुरुस्तीने वाढविण्यातही आली. जाळ्यात आलेल्या माशाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे हे ज्या घरांत पोटापाण्याशी निगडित आहे, त्या घरांतील मुले आपल्या वर्गात बसलेली असतात.

येथे शिक्षकाला एक मोह होण्याचा संभव आहे : पाकट म्हणजे दाबून चपटी झालेली मुशी, असे सांगून मोकळे होण्याचा. मुलांना ते चटकन पटते, परंतु ते खरे नाही. जनुकांच्या तुलनेवरून शार्क व पाकट या एकाच पूर्वजापासून फार प्राचीन काळी फुटलेल्या दोन स्वतंत्र शाखा आहेत असे ठरले आहे. नाते बापलेकाचे नसून चुलत घराण्यांचे आहे. पाकटवर्गीय माशांचे अवशेष ज्युरासिक कालखंडातील खडकांपासून पुढे आढळतात, म्हणजे ज्या युगात जमिनीवर प्रचंड सरडे वावरत होते त्या युगापासून.

समान वारसा

मुशी चिरताना सुरीला काटा लागत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तिचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. आपल्या कानाची पाळी मुडपून पाहिली असता जी लवचिक वस्तू हाताला लागते तीच कूर्चा. पाकटाचाही सांगाडा तसाच. कूर्चा हाडाहून हलकी असते, आणि वाताशय नसलेल्या या माशांना हा हलकेपणा फार उपयोगी पडतो. दुसरे साहाय्य यकृताचे. दोघांचेही यकृत मोठे व तेलाने भरलेले असते आणि तेल पाण्याहून हलके असल्यामुळे अंगाचा भार काहीसा उचलला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारे कॉड माशाचे तेल मिळेनासे झाले, तेव्हा मुंबई व मद्रास प्रांतांत शार्क माशांच्या यकृताचे तेल काढण्याचे काम सुरू झाले होते. अशक्त मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वासाठी ते देत असत.

मुशीच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरविण्यास मुलांना सांगावे. हात सहज सरकतो. मग शेपटीकडून डोक्याकडे फिरविण्यास सांगावे. हात खरखरतो, पॉलिश कागदावरून फिरविल्यासारखा. अंगावर जे बारीक दाणे असतात त्यांची घडण दातासारखी असते, आत दंतिन आणि वर चकचकीत कठीण आवरण. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना त्वचेवरील दातच म्हणतात. पाकटाच्या पाठीवर हे दाणे मध्यभागी दाट पट्ट्यात गोळा झालेले असतात आणि त्यांतील एखाददुसरा मोत्यासारखा ठळक असतो. या कातड्याला मोल आहे. जपानी तलवारींच्या मुठींना पाकटाचे कातडे चढवीत, कारण घामाने किंवा रक्ताने ओला झालेला हातही त्यावरून निसटत नाही. पॅरिसच्या कारागिरांनी अठराव्या शतकात याच कातड्याच्या पेट्या व म्याने करून सरदारांना विकली.

आणखी एक साम्य नाकाला कळते. या माशांच्या रक्तात व मांसात युरिया साठविलेला असतो, त्यामुळे समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही त्यांच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जात नाही. मासा मेल्यावर जंतू या युरियाचे अमोनियात रूपांतर करतात आणि शिळ्या मुशीला तो विशिष्ट उग्र दर्प सुटतो. “मुशी ताजीच घ्यावी” हा घरातील वडीलधाऱ्यांचा नियम रसायनशास्त्राला धरूनच आहे.

पोहणारा आणि पडून राहणारा

साम्ये एवढी असताना आकार इतका भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर दोघांच्या उपजीविकेत आहे. मुशी उथळ किनारी पाण्यात व मोठ्या नद्यांच्या मुखांशी हिंडून लहान मासे, कोळंबी व माकुळ पकडते. तिच्या शरीराचा मागचा भाग डावीउजवीकडे वळतो, शेपटी पाण्याला मागे रेटते आणि मुशी पुढे जाते. बाजूचे पर तिला वळण्यास व तोल सांभाळण्यास उपयोगी पडतात. तिचे दात पातळ, तिरपे व धारदार असतात. निसटत्या भक्ष्याला पकडून कापण्यासाठी ते योग्य आहेत. पुढची ओळ झिजली वा पडली की मागची पुढे सरकते.

पाकटात हेच बाजूचे पर अतिशय वाढून डोक्याच्या दोन्ही अंगांना चिकटले आहेत, आणि ज्याला मुले ‘पाकटाचे अंग’ म्हणतात ती चकती बहुतांशी त्या परांचीच बनलेली आहे. चकतीच्या कडेने पुढून मागे लाट जाते, वाऱ्यावर धोतराचा सोगा हलावा तशी, आणि पाकट तळालगत सरकत जातो. शेपटी या कामी जवळजवळ निरुपयोगी असल्यामुळे तिच्या टोकाचा पर नाहीसा झाला आहे. तो पुष्कळ वेळ चिखलात किंवा वाळूत अंग पुरून पडलेला असतो. खेकडे, कोळंबी, शिंपले, किडे व लहान मासे हे त्याचे अन्न, आणि कवचे फोडावयाची असल्याने त्याचे दात चपटे, फरशीसारखे एकमेकांना लागून बसविलेले असतात. दोन्ही जबड्यांवरून मुलांना काळजीपूर्वक बोट फिरवू दिल्यास हा फरक शब्दांवाचून कळतो.

परंतु ज्याचे तोंड आणि कल्ले दोन्ही वाळूला टेकलेले आहेत, तो श्वास कसा घेत असेल? हा प्रश्न वर्गात सावकाश हाताळण्यासारखा आहे. एखाद्या मुलाला सतरंजीवर पालथे निजवून तोंड सतरंजीला टेकविण्यास सांगावे आणि त्याला काय अडचण येते ते इतरांनी पाहावे. मासा तोंडाने पाणी घेतो व ते कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. पाकटाने तसे केल्यास पाण्याबरोबर वाळूच आत जाईल. म्हणून त्याच्या डोळ्यांच्या लगेच मागे दोन मोठी भोके असतात. त्यांना श्वासरंध्रे म्हणतात. पाकट वरच्या स्वच्छ पाण्यातून या रंध्रांवाटे पाणी आत घेतो आणि पोटाखालील फटींतून बाहेर सोडतो. पुष्कळ मुले या रंध्रांनाच डोळे समजतात. ती चूक येथेच सुधारून घ्यावी. आता मुशीच्या डोळ्यामागे असे रंध्र शोधण्यास सांगावे. ते सापडणार नाही. काही शार्क जातींत ते असते, परंतु या मुशीत ते मुळीच नाही. पाण्यात मोकळेपणी वावरणाऱ्या या माशाला तोंडानेच पाणी घेता येते.

दुसरी अडचण याहून गमतीची आहे. पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटावर. आपण काय खात आहोत हे त्याला कधीच दिसत नाही. मग वाळूखालचा खेकडा त्याला सापडतो कसा? काही अंशी वासाने. परंतु याशिवाय त्याला एक ज्ञानेंद्रिय आहे, जे मनुष्याला नाही. दोन्ही माशांच्या तोंडाभोवती बारीक छिद्रे दिसतात. दाबली असता त्यांतून बुळबुळीत रस येतो. प्रत्येक छिद्राखाली रसाने भरलेली नळी आणि तिच्या टोकाशी एक कुपी असते. स्तेफानो लोरेंझिनी या इटालियन वैद्याने १६७८ साली यांचे वर्णन केले, आणि पुढे जवळजवळ तीन शतके त्यांचा उपयोग काय हे कोणास नीट उमगले नव्हते. विसाव्या शतकातील प्रयोगांनी सिद्ध झाले, की या कुप्यांना अत्यंत क्षीण वीजदाब जाणवतो. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून व कल्ल्यांतून अशी वीज किंचित पाझरत असते. वाळूखाली दडून बसलेला खेकडा दिसत नाही, परंतु तो जिवंत आहे एवढ्यानेच पाकटाला कळतो. मुशीलाही हे इंद्रिय असून तिच्या लांब चपट्या तोंडावर अशी छिद्रे विपुल असतात.

काट्याविषयी सूचना

‘शार्क’ हा शब्द उच्चारताच मुलांच्या मनात चित्रपटातील विक्राळ जबडा उभा राहतो, आणि पाकट त्यांना गरीब वाटतो. प्रत्यक्ष स्थिती उलट आहे. या लहान मुशीपासून माणसाला भय नाही. पाकट मात्र, जरी आपण होऊन कोणावर धावून जात नाही, तरी पायाखाली आल्यास घातक ठरतो.

त्याच्या शेपटीवर, मुळापासून बराच मागे, एक लांब चपटा काटा असतो. दोन्ही कडांना उलट्या दिशेचे दाते असतात, म्हणून तो शिरतो सहज पण निघताना मांस फाडतो. हा काटा म्हणजेही त्वचेवरील दाण्याचेच वाढलेले रूप होय. त्याच्या खाचांत विषारी पेशी असतात व वर पातळ आवरण असते; काटा रुतताच ते आवरण फाटून विष जखमेत उतरते. वेदना असह्य होतात. घाव पायावर झाल्यास माणूस बहुधा बरा होतो, परंतु छातीवर वा पोटावर झाल्यास जीवावर बेतू शकते. प्राण्यांविषयीच्या चित्रपटांमुळे जगभर परिचित असलेले ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह अर्विन यांचा २००६ साली पाकटाचा काटा छातीत लागूनच मृत्यू झाला.

खाडीत व उथळ पाण्यात शिंपले वेचण्यास जाणाऱ्या मुलांना म्हणून हे आवर्जून शिकवावे, की पाण्यात पाऊल उचलून टाकू नये. पाय तळाला घासत, फरफटत चालावे. पाकटाला हालचालीची चाहूल लागली की तो स्वतःच दूर निघून जातो. त्याच्या पाठीवर पाय पडला तरच शेपटी उसळते. दंश झाल्यास जखमी अवयव सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. हे विष प्रथिनांचे असल्यामुळे उष्णतेने त्याचा जोर कमी होतो व वेदना उतरतात. पाण्याची उष्णता प्रथम दुसऱ्याने आपल्या हाताने पाहावी, कारण वेदनेने व्याकुळ झालेल्याला भाजल्याचे भान राहत नाही. काट्याचा तुकडा मान, छाती किंवा पोट यांत रुतला असेल तर तो ओढून काढू नये. रोग्यास तसेच तातडीने रुग्णालयात न्यावे. साध्या जखमेतही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन जखम स्वच्छ करून घ्यावी व धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. हळद, तंबाखू, चुना असले पदार्थ जखमेत भरण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ती सोडविणे हे शिक्षकाचे काम आहे.

पिल्लांचा जन्म

मुशी साफ करताना तिच्या पोटातून कधी कधी पूर्ण घडलेली, बोटभर लांबीची पिल्ले निघतात. किनाऱ्यावरील मुलांनी हे पाहिलेले असते, आणि मासे अंडी घालतात असे पुस्तकात वाचताना त्यांचा गोंधळ होतो. या दोन्ही जाती अंडी घालीत नाहीत. जिवंत पिल्ले प्रसवतात. परंतु पिल्लू पोसण्याची रीत दोघींची वेगळी आहे, आणि तुलनेतील सर्वांत विलक्षण भाग हाच होय.

मुशीचे अंडे अवघे एक मिलिमीटर व्यासाचे, मोहरीएवढे असते. शार्क माशांत इतके लहान अंडे दुसऱ्या कोणाचे आढळलेले नाही. त्यात गर्भाला पुरेल इतका बलक नसतोच. म्हणून गर्भ अगदी चिमुकला असतानाच गर्भाशयाच्या भित्तीला जोडला जातो, तेथे वार तयार होते आणि नाळेवाटे मातेकडून त्याला अन्न मिळू लागते. नाळेवर झुबक्यांसारखे बारीक तंतूही वाढतात. गाईच्या वा मनुष्याच्या गर्भाची जी व्यवस्था, तिच्याशी इतकी जवळची व्यवस्था एका माशात स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. पाचसहा महिन्यांनी बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची पिल्ले जन्मास येतात, एका वेळी साधारणतः सहा ते अठरा. एका जातीच्या शार्कच्या पिल्लाची नाळ मातेच्या गर्भाशयाला जोडलेली असते, असे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच लिहून ठेवले होते. पुढे दोन हजार वर्षे विद्वानांनी त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही. अखेर १८४० च्या सुमारास ज्याने त्याची शहानिशा करून ॲरिस्टॉटलला खरा ठरविले, तो शास्त्रज्ञ म्हणजे आपल्या मुशीचे नामकरण करणाऱ्या दोघांपैकीच एक, योहानेस म्यूलर.

पाकटाच्या मादीत वार नसते. गर्भ प्रथम आपल्या अंड्यातील बलकावर वाढतो. बलक संपत आला की गर्भाशयाच्या आतील अस्तरावर वाढलेल्या असंख्य तंतूंतून एक पौष्टिक, दुधाळ द्रव स्रवू लागतो आणि पिल्लू त्यावर पोसले जाते. शास्त्रज्ञ याला गर्भाशयातील दूध असेच म्हणतात. पिल्लू जन्मते तेव्हा त्याची चकती सुरळीसारखी गुंडाळलेली असते आणि शेपटीवरील काट्यावर मऊ आवरण असते, त्यामुळे मातेला इजा होत नाही. बाहेर येताच सुरळी उलगडते व पिल्लू पोहू लागते. एका वेळी पिल्ले थोडीच होतात.

सुरमईची मादी एका हंगामात लाखो अंडी पाण्यात सोडते, त्यांतील बहुतेक नाश पावतात आणि तरीही वंश चालतो. मुशीची दहाबारा पिल्ले आणि पाकटाची थोडीशी पिल्ले यांचा हिशेब निराळा आहे. त्यातही मुशी दीडदोन वर्षांतच वयात येते व वितीच्या दीडपट लांबीची होताच प्रजननक्षम होते, म्हणून जाळ्यांचा मार ती पुष्कळ अंशी सोसू शकली. मोठे पाकट, मोठे शार्क व करवत मासे वयात येण्यास कित्येक वर्षे घेतात. प्रौढ मादी जाळ्यात गेली की तिची जागा लवकर भरून निघत नाही. आपल्या किनाऱ्यावर करवत मासा एके काळी जाळ्यांत येत असे. त्याच्या करवती जुन्या घरांत भिंतीवर टांगलेल्या अजूनही आढळतात, परंतु जिवंत करवत मासा पाहिलेला तरुण मच्छीमार क्वचितच भेटतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत शार्क, पाकट व त्यांचे आप्त यांच्या एकतृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले, आणि याचे मुख्य कारण अतिरेकी मासेमारी हेच ठरले.

हा भाग शिकविताना शिक्षकांनी तारतम्य बाळगावे. मासेमारी हाच ज्यांचा चरितार्थ आहे त्यांच्या मुलांसमोर मासेमारांना दोष देत बसणे अनुचित आहे आणि निष्फळही आहे. त्याऐवजी मुलांना घरच्या वृद्धांकडून माहिती आणावयास सांगावी : पूर्वी कोणते पाकट येत, केवढे येत, कोणत्या महिन्यांत मुशीच्या पोटात पिल्ले सापडत, आणि आता काय स्थिती आहे. उत्तरे तारीखवार वहीत लिहून ठेवावीत. दोनतीन वर्षे अशा वह्या जपल्यास गावाच्या बंदराविषयी कोणत्याही छापील पुस्तकात नसलेली माहिती शाळेच्या कपाटात जमा होईल.

देशावरील शाळांना ताजे नमुने मिळणे कठीण. त्यांनी पुठ्ठ्याच्या दोन आकृती कापाव्यात. मुशीच्या पुठ्ठ्यावर फटी कडेला व पाकटाच्या पुठ्ठ्यावर मागील बाजूस काढाव्यात, श्वासरंध्रे पुठ्ठा भोसकून दाखवावीत, आणि पाकटाचे तोंड व डोळे विरुद्ध बाजूंना येतात हे मुलांना पुठ्ठा उलटसुलट करून पाहू द्यावे. आठवडी बाजारात सुकी मुशी मिळत असल्यास तिच्या कातड्याचा तुकडा व कूर्चेचे मणके अवश्य आणावेत. 

किनाऱ्यावरील शाळांनी ताज्या नमुन्यांचा पाठ सकाळच्या तासिकेतच घ्यावा आणि मधल्या सुटीच्या आत मासे शाळेपासून दूर खड्ड्यात पुरून फळी सोड्याच्या पाण्याने धुऊन काढावी. अन्यथा युरियाचा धडा दुपारी सर्व वर्गांना एकदमच मिळेल.